चौथा माठ

आमच्या प्रयोगाला बक्षीस मिळालं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारे शेवटपर्यंत बक्षिसाची वाट बघत बसतील. वाङ्मय मंडळाच्या बैठकीत मॅडम म्हणाल्या, "यंदा सायन्सच्या मुलांनीही लिहा गं, सगळा अंक कवितांनीच भरायला नको." तेव्हा मला आठवला तो माठ. माठ तसे चार होते, पण लिहायचं आहे ते चौथ्याबद्दल. कारण त्याच्याशी मी खोटेपणाने वागले होते. माठाशी कसला आलाय खोटेपणा, असं कुणीही म्हणेल. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

गोष्ट गेल्या वर्षीची. मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली त्या तारखेला रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून १९८७ पासून तो पाळतात. त्या दिवशी आपल्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन असतं. डिसेंबरात नोटीस लागली : दोघांचा गट, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात विषय द्यायचा, सोबत प्रयोगाची वही आणि एक चार्ट.

माझी जोडीदारीण होती गोवेकरीण. तिचं नाव वेगळं आहे, पण वर्गात सगळे तिला गोवेकरीणच म्हणतात. ती सासष्टीची. तिची मावशी इथल्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आहे, म्हणून घरच्यांनी तिला बेळगावला शिकायला पाठवलं. ती हॉस्टेलवर राहते. मी खानापूरची, रोज बसने येऊन-जाऊन करणारी. प्रॅक्टिकलला आडनावांच्या क्रमाने आमची जोडी लागली आणि ती तशीच राहिली.

आमचा पहिला विचार सगळ्यांचा असतो तोच होता. खडेबाजारात तयार किट मिळतात. इंजेक्शनच्या सिरिंज आणि नळ्या लावून चालणारी क्रेन आणायची, पुठ्ठ्याला रंग द्यायचा, झालं. सरांना विषय सांगितला. सर म्हणाले, "ही क्रेन चालते हे मला ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक आहे. मग प्रयोग कसला? तुम्हाला जे ठाऊक नाही ते घेऊन या."

आपल्याला काय ठाऊक नाही याची यादी करायला बसलं की कळतं, ती किती अवघड असते. चार दिवस आम्हाला काहीच सुचलं नाही. शेवटी उत्तर आमच्या स्वयंपाकघरात निघालं. आमच्याकडे फ्रिज आहे, पण आजी फ्रिजचं पाणी पीत नाही. तिला सोसत नाही. तिचा माठ मागच्या दाराशी, तिवईवर. मी तिला विचारलं, "आजी, माठातलं पाणी किती गार होतं?"

"पिण्याइतकं."

"तसं नव्हे. किती अंश?"

"माठाला कसलं गे माप लावतीस? पी आणि बग."

घरात कुणालाच आकडा ठाऊक नव्हता. मी सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी प्रश्न एका वाक्यात लिहायला लावला. आम्ही लिहिलं : "माठातलं पाणी भोवतालच्या हवेपेक्षा किती अंशांनी थंड होतं?" सर म्हणाले, "हवा म्हणजे कुठली हवा? एकाच घरातली?" मग ठरलं की चार ठिकाणी मोजायचं. खानापूरला आमच्या मागच्या दारी, कॉलेजच्या लॅबबाहेरच्या व्हरांड्यात, हॉस्टेलच्या जेवणघराशी, आणि गोव्याला तिच्या घरी. तेव्हा आम्हाला वाटलं, चार ठिकाणं म्हणजे प्रयोग चौपट भक्कम. चार ठिकाणी चार वेगळी उत्तरं येतील, असं मनातही आलं नाही.

खानापूर हे कौलांचं, विटांचं आणि माठांचं गाव. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही आमच्याकडेच आहे. त्यामुळे माठ आणायला लांब जावं लागलं नाही. आमच्या ओळखीचे एक कुंभारमामा आहेत. त्यांना सांगितलं की एकाच मातीचे, एकाच दिवशी चाकावर चढवलेले आणि एकाच आव्यात भाजलेले चार माठ हवेत, पाच लिटर पाणी मावेल एवढे. मामा हसले. "लग्नाला चार भाऊ उभे करायचे आहेत काय?" पण दिले. प्रत्येक माठ टिचकी मारून, कानाशी धरून त्यांनी आवाज ऐकला आणि दोन बाजूला काढले. मातीत राख आणि भुसा कशासाठी घालतात, तेही सांगितलं. भाजताना भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. त्यातून पाणी झिरपून बाहेर येतं. "माठाला घाम आला पाहिजे," मामा म्हणाले. "घाम येत नाही तो माठ शोकेसमध्ये ठेवायचा."

आमच्या पुस्तकात याचंच नाव बाष्पीभवन. बाहेर झिरपलेलं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी उडायला साधारण ५८० कॅलरी लागतात. म्हणजे एक ग्रॅम उडालं की मागे राहिलेलं ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी थंड होईल एवढी उष्णता जाते. वर्गात हे शिकताना मी फक्त पाठ केलं होतं. लॅबमधल्या माठाचं वजन सकाळी नि संध्याकाळी केलं तेव्हा पाव किलोच्या आसपास फरक आला आणि ते पाठांतर पहिल्यांदा खरं वाटलं.

तयारी आम्ही मन लावून केली होती, हे मात्र म्हणायला हवं. प्रत्येक माठाशेजारी तेवढ्याच पाण्याची स्टीलची कळशी ठेवायची, म्हणजे माठाचा फरक कळेल. लॅबमध्ये एक लहान गाडगं बाहेरून ऑइलपेंटने रंगवून ठेवलं. त्याला घाम येईना आणि त्यातलं पाणी कळशीसारखंच कोमट राहिलं. लॅबमधून लाल स्पिरिटचे चार थर्मामीटर मिळाले. सरांच्या सांगण्यावरून आम्ही ते आधी एकाच बादलीत बुडवले. तीन सारखे निघाले. एक अर्धा अंश जास्त दाखवत होता, तो मी खानापूरला घेतला आणि वहीत तशी नोंद केली. सावलीची जागा, पाच लिटर पाणी, सकाळी ९, दुपारी १२ आणि ३, संध्याकाळी ६. फेब्रुवारीचे पहिले दहा दिवस.

गोव्याचा माठ गोवेकरणीने अनमोडच्या घाटातून बसमध्ये मांडीवर घेऊन नेला. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट मागितलं म्हणे, थट्टेने. दोन दिवस राहून, आईला सगळं शिकवून ती परत आली.

आता प्रश्न वाचनांचा. मी दिवसभर बेळगावात. मग खानापूरची १२ आणि ३ची वाचनं माझी आई घ्यायची. लॅबची नि हॉस्टेलची आम्ही दोघी. गोव्याची तिची मम्मी, म्हणजे माझ्या मावशी. मावशी शिकलेल्या सातवीपर्यंत, पोर्तुगीज काळातल्या जुन्या घरात एकट्या राहतात, घरचा माड आणि कोंबड्या बघतात. त्यांनी मोबाइलवर चार गजर लावले आणि एका वहीला खाकी कागदाचं कव्हर घातलं.

गमती पुष्कळ झाल्या. तिसऱ्या दिवशी आजीने आलेल्या पाहुण्यांना प्रयोगाच्या माठातलंच पाणी दिलं. "त्यांना काय कळशीतलं गरम देऊ?" हॉस्टेलच्या माठावर आम्ही चिठ्ठी लावली : "पिऊ नये, प्रयोग चालू आहे." दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी लिहिलं होतं : "तहानही चालू आहे." त्या माठातलं पाणी सतत कमी व्हायचं. दोन दिवस दुपारचं वाचन घ्यायला आम्ही विसरलो, तेव्हा मी आदल्या दिवसाचा आकडा बघून अंदाजाने भरून टाकलं. हे तेव्हा मला फार काही वाटलं नाही.

दहा दिवसांनी आकडे जमले. खानापूरचा माठ दुपारी ३ वाजता हवेपेक्षा ९ ते १० अंश थंड. लॅबचा ८ ते ९. पाण्याची चोरी होऊनही हॉस्टेलचा ८. आणि गोव्याचा ३, कधी ४, एकदा तर जेमतेम अडीच.

चार्ट करायला आम्ही हॉस्टेलच्या अभ्यासिकेत बसलो होतो. वरचा मथळा मी आधीच लाल शाईने ठळक लिहून ठेवला होता : "वीज नाही, खर्च नाही, पाणी ९ अंशांनी गार!" खाली नायजेरियाच्या मोहम्मद बाह अब्बा यांची माहिती. एका मातीच्या भांड्यात दुसरं ठेवून, मधल्या जागेत ओली वाळू भरून, भाजी टिकवण्याची पद्धत त्यांनी गरीब शेतकऱ्यांपर्यंत पोचवली. त्यासाठी २००० साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. ते उत्तर नायजेरियाच्या कोरड्या भागात काम करत होते, हे मी माझ्याच हाताने चार्टवर लिहिलं होतं. 'कोरड्या' हा शब्दसुद्धा. पण लिहिलेलं वाचावंही लागतं.

तीन रेघा आलेखावर वर एकमेकींच्या जवळ. चौथी खाली लोळण घेतलेली.

मी म्हटलं, "ही रेघ सगळं बिघडवते आहे."

गोवेकरीण म्हणाली, "पण आलंय ते तसंच आलंय."

"अगं, वाचनच चुकलं असेल. मावशींनी थर्मामीटर कधी हातात धरलाय? पाण्यातून बाहेर काढून वाचला असेल. घरात इतकी कामं, त्यात हे."

"मम्मी चुकीचं वाचणार नाही."

"चुकीचं म्हणजे मुद्दाम नाही गं. परीक्षकांनी विचारलं, एका माठात असं का, तर काय सांगणार आपण?"

ती थोडा वेळ स्केचपेनचं टोपण उघडझाप करत राहिली. मग म्हणाली, "तू म्हणशील तसं."

ते 'तू म्हणशील तसं' मी होकार म्हणून घेतलं. अहवालात जिथे जिथे 'चार ठिकाणी' होतं, तिथे व्हाइटनर लावून 'तीन' केलं. गोव्याची पानं वहीत स्टेपल करून टाकली. त्या थर्मामीटरची बादलीत तपासणी आम्हीच केली होती आणि तो बरोबर निघाला होता. किंचित चुकणारा थर्मामीटर माझ्या घरी होता आणि त्यावरची वाचनं माझी आई घेत होती. तिच्या एकाही आकड्यावर मला शंका आली नाही. कारण ते मला हवे तसे होते.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या टेबलापाशी सिस्टर आल्या. त्यांच्याबरोबर मावशी. गोव्याहून पहाटेच्या बसने निघून आल्या होत्या, न कळवता. एका हातात दोदोलचा डबा, दुसऱ्या हातात ती खाकी कव्हराची वही. मुलीला जवळ घेतलं, माझ्या गालाला हात लावला आणि चार्टसमोर उभ्या राहिल्या. मजकूर त्यांना फारसा वाचता येत नव्हता. त्या आकडे बघत होत्या. एका एका रकान्यावरून बोट फिरवत खालपर्यंत गेल्या. मग वळून विचारलं, "म्हजे आंकडे खंय?"

माझे आकडे कुठे आहेत?

गोवेकरीण माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मावशी, चार्टवर जागा पुरली नाही."

मावशी परत चार्टकडे वळल्या. त्याचा खालचा भाग चांगला वीतभर रिकामा होता. तेवढीच जागा त्या रेघेला लागली असती. त्या रागावल्या नाहीत. वही टेबलावर ठेवून एवढंच म्हणाल्या, "हांवें फट बरोवंक ना गो बाये." मी खोटं लिहिलेलं नाही, बाळा. आणि एक पान उघडून दाखवलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी ६च्या रकान्यात नुसती एक आडवी रेघ होती. त्या दिवशी गावात कुणाची तरी मयत होती, त्या तिथे गेल्या होत्या. वाचन चुकलं, म्हणून रेघ मारली. अंदाजाने आकडा घातला नाही.

मला हॉस्टेलच्या तक्त्यातले माझे दोन आकडे आठवले.

सिस्टर त्यांना चहाला घेऊन गेल्या. गोवेकरीण काहीच बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. परीक्षक जेवणानंतर, अडीचला येणार होते. मी ती वही घेऊन बसले. खरं सांगायचं तर ती मी पहिल्यांदाच वाचत होते. तोवर व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोंतून मी फक्त आकडे उतरवून घेतले होते. शेवटचा 'शेरा' हा रकाना मी पाहिलाच नव्हता. तो आम्हीच आखायला सांगितला होता आणि आमच्या तिन्ही तक्त्यांत तो कोराच होता. मावशींनी तो रोज भरला होता, रोमी लिपीतल्या कोकणीत. मी गोवेकरणीला म्हटलं, "हे काय लिहिलंय, वाचून दाखव."

तिने वाचलं. अगदी सपाट आवाजात. पहिला दिवस : दर्याचं वारं, कपडे संध्याकाळपर्यंत सुकले नाहीत. दुसरा दिवस : मीठ ओलं झालंय. चौथा दिवस : आज वारं डोंगराकडून, कपडे दुपारीच सुकले.

"चौथ्या दिवशी फरक किती?" मी विचारलं.

तिने बोट खाली नेलं. "चार." मग अडीच अंश होता तो दिवस शोधला. शेरा होता : सकाळी धुकं, काही म्हणून सुकलं नाही.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. कपड्यांचंही पाणीच उडून जायचं असतं आणि माठाचंही. हवेत आधीच भरपूर वाफ असेल तर दोन्ही उडणार कुठे? मावशींनी थर्मामीटर तर बरोबर वाचला होताच, पण का कमी आलं तेही रोज लिहून ठेवलं होतं. आणि ती पानं मी स्टेपल मारून बंद केली होती.

मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. स्टेपल, व्हाइटनर, हॉस्टेलचे दोन आकडे. सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? परीक्षकांना सांगा. आणि तुमच्या जोडीदारणीला विचारलंत का, तिला सांगायचं आहे का?" विचारलं नव्हतं. परत येऊन विचारलं. ती म्हणाली, "मम्मीची रेघ आधी काढूया."

स्टेपल नखांनी उपटल्या. निळ्या स्केचपेनने चौथी रेघ काढली. लाल मथळ्यावर कोरा कागद चिकटवून आधी लिहिलेला साधा प्रश्न तिथे लिहिला. हॉस्टेलच्या दोन आकड्यांवर काट मारली. व्हाइटनर मात्र खरवडला जाईना, कागद फाटायला लागला. तिथे 'तीन'च्या शेजारी 'चार' लिहून आम्ही सही केली. आमचा चार्ट हॉलमधला सगळ्यांत घाणेरडा चार्ट होता.

परीक्षक दोघे होते. त्यातल्या वयस्कर बाई बाहेरच्या कॉलेजातून आल्या होत्या. मी बोलायला सुरुवात केली ती गोव्याच्या पानांपासून, आणि ती का झाकली होती तेही सांगितलं. आवाज कापत होता. त्या मधे काही बोलल्या नाहीत. मावशींचे शेरे मात्र दोनदा वाचून घेतले आणि विचारलं, "ओला थर्मामीटर लावला होता का?"

"म्हणजे?"

"एका थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि तो कोरड्याशेजारी टांगायचा. तुमच्या लॅबच्या व्हरांड्यातच असेल बघा, भिंतीवर."

होता. ज्या भिंतीशी आम्ही दहा दिवस माठ ठेवला होता, त्याच भिंतीवर. आम्ही रोज त्याच्यासमोर उभ्या राहून आमचा थर्मामीटर वाचत होतो.

"मग तुमचा प्रयोग अर्धा झालाय," बाई म्हणाल्या. "उरलेला करा." आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. पहिलं बक्षीस भूकंपाची सूचना देणाऱ्या यंत्राला मिळालं.

उरलेला अर्धा प्रयोग मी मार्चमध्ये केला. कुणी सांगितलं म्हणून नाही, डोक्यातून जाईना म्हणून. आजीच्या जुन्या मलमलीच्या लुगड्याची पट्टी थर्मामीटरच्या फुग्याला गुंडाळली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत सोडलं. माठाजवळ, सावलीत. दुपारी ३ वाजता कोरडा थर्मामीटर ३३, ओला २१, माठातलं पाणी २४. ओल्या फडक्यातलं पाणी उडून उडून जिथे थांबतं, ती त्या हवेतली बाष्पीभवनाची हद्द. त्याच्याखाली माठही जाऊ शकत नाही, मग तो कितीही उत्तम कुंभाराने घडवलेला असो. म्हणजे खानापूरच्या माठाला त्या दिवशी १२ अंश उतरायची मुभा होती, तो ९ उतरला.

ईस्टरच्या सुटीत गोवेकरणीबरोबर मी सासष्टीला गेले. बोलायला लागली होती ती, पण पूर्वीसारखं नाही. मला बोलावलं तेही मावशींनी. चौथा माठ त्यांच्या मागच्या पडवीत होता तिथेच होता. त्या त्यातलंच पाणी पीत होत्या. माठावर क्षारांचे पांढरे डाग पडायला लागले होते. मावशींनी तो नारळाच्या काथ्याने घासून काढला होता, नाहीतर त्याची छिद्रं बुजतात. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मी लुगड्याची पट्टी बरोबर नेली होती. दुपारी ३ वाजता आम्ही तिघी पडवीत वाकून उभ्या. मी कुणालाही आकडा सांगितला नाही. वही मावशींच्या हातात दिली आणि म्हटलं, "तुम्हीच वाचा." त्यांनी चष्मा लावला, डोळे थर्मामीटरच्या पातळीला आणले, श्वास धरून वाचलं. कोरडा ३२. ओला २७. माठातलं पाणी २८.

गोवेकरणीने तिथेच बोटांवर हिशेब केला. पाच अंशांची मुभा, त्यातले चार उतरला. खानापूरचा बारापैकी नऊ. टक्केवारी काढली तर खानापूर ७५, गोवा ८०.

"म्हणजे आमचा पहिला," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

मी त्याला पाच मार्कांच्या पेपरात चार मिळाले म्हणून नापास केलं होतं, कारण शेजारच्याला बारापैकी नऊ होते. एका दिवसाच्या एका वाचनावरून कुठला माठ सरस हे ठरत नाही, हे सरांनी नंतर बजावलं, आणि ते बरोबरच आहे. त्या ७५ आणि ८० मधला फरक वाचनाच्या चुकीतही बसू शकतो. पण गोव्याचा माठ वाईट नव्हता आणि त्याची वाचनं खोटी नव्हती, एवढं नक्की. आमचा मूळ प्रश्नच अर्धवट होता. 'किती अंशांनी थंड होतं' याला एक उत्तर नाहीच. हवा विचारून घ्यावी लागते. आणि हे आम्हाला समजलं ते ज्या तीन रेघा छान जुळल्या त्यांच्यामुळे नाही. त्या तिन्ही घाटमाथ्यावरच्या एकाच कोरड्या हवेतल्या होत्या. त्या हजार वेळा काढल्या असत्या तरी काही नवं सांगितलं नसतं.

निघताना मी मावशींची माफी मागितली. जागा पुरली नाही हे खोटं होतं, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांना ते तेव्हाच कळलं होतं. मग मला वाटेत खायला केळी दिली.

यंदाच्या प्रदर्शनाच्या वेळी सरांनी आम्हा दोघींना पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना वही कशी ठेवायची ते दाखवायला बसवलं. मावशींची वही आम्ही समोर ठेवली होती. तारीख, वेळ, आकडा, शेरा. शेऱ्याचा रकाना कोरा सोडायचा नाही, 'मीठ ओलं झालं' असं लिहिलं तरी चालेल. एका मुलाने पाचव्या दिवसाच्या पानावर बोट ठेवून विचारलं, "ताई, इथे काहीच लिहिलं नाहीये. नुसती रेघ आहे."

गोवेकरीण म्हणाली, "ते वाचन चुकलं होतं. चुकलं की अशीच रेघ मारायची."